गंजलेला बोल्ट : तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन हा विषय आपल्याकडे सामान्यतः श्रीमंतांचा छंद किंवा गॅरेजमधील कारागिरी म्हणूनच पाहिला जातो. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक मोटारीकडे वळले तरी इंजिन, कारखाना, कामगार, रस्ते आणि बाजारपेठ यांचाच विचार करतात. या साऱ्यांना धरून ठेवणारा नट-बोल्ट त्यांच्या नजरेतून सुटतो. प्रत्यक्षात पन्नास-साठ वर्षांची मोटार सुटी करावयास घेतली की पहिली गाठ पडते ती गंजून बसलेल्या बोल्टशीच. पाना लावला तरी तो फिरत नाही. जोर लावला तर त्याच्या डोक्याचे कोपरे झिजतात. आणखी जोर लावला तर तो मानेशी तुटतो व उरलेला भाग आतच राहतो.

बोल्ट का सुटत नाही या प्रश्नाचे निम्मे उत्तर रसायनशास्त्रात आणि निम्मे इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गंज हे कारण खरेच. परंतु बोल्ट मोडतो तो पुष्कळदा केवळ गंजामुळे नव्हे, तर तो कोणत्या देशाच्या व कोणत्या मापपद्धतीचा आहे हे न ओळखल्यामुळे. इतिहासाचा अभ्यासक कागद हाती आल्यावर त्याचा काळ, लिपी आणि लिहिणारा हात आधी तपासतो. बोल्टच्या बाबतीतही पहिली पायरी तीच आहे. विवेचनासाठी १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली एमजी टीडी ही मोटार मुख्य उदाहरण म्हणून घेतली असून, त्यानंतर मुंबईच्या मोटारउद्योगाचा संदर्भ तपासला आहे.

परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. ग्रंथांत 'मळसूत्र' हा शब्द आढळतो. कारखान्यात आणि गॅरेजमध्ये मात्र 'आटे' म्हणतात. लेखात दोन्ही शब्द वापरले आहेत. दोन लगतच्या आट्यांमधील अंतरास 'पिच' म्हटले आहे, कारण फिटर आणि टर्नर यांच्या तोंडी तोच शब्द आहे.

गंजाचे कार्य

बोल्ट आवळणे म्हणजे वस्तुतः तो ताणणे होय. आवळलेला बोल्ट अतिशय ताठ स्प्रिंगसारखा थोडा लांबतो आणि मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण एक दशांश भागच हा ताण निर्माण करण्यासाठी उपयोगी पडतो. उरलेला सारा जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. म्हणजे बोल्ट नवा असतानाही तो फिरवताना आपण प्रामुख्याने घर्षणाशीच झगडत असतो. गंज हे घर्षण अनेक पटींनी वाढवतो.

पाणी आणि प्राणवायू यांच्या सान्निध्यात लोखंडाचे जे ऑक्साइड व हायड्रॉक्साइड तयार होतात, त्यांचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. उघड्या पत्र्यावरील गंजाला फुगण्यास मोकळी जागा असते. तो पोपडे होऊन गळतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधील फट मात्र मिलिमीटरच्या लहान अंशाएवढीच असते. तेथे फुगणाऱ्या गंजास बाहेर जाण्यास वाट नसते व तो दोन्ही पृष्ठांवर पाचरीसारखा दाबून बसतो. गंजलेला नट 'चिकटलेला' आहे असे म्हणण्यापेक्षा तो आतून ठासलेला आहे असे म्हणणे अधिक शास्त्रीय ठरेल. हा भेद केवळ शाब्दिक नाही. चिकटलेली वस्तू सोडवण्यास द्रावक पुरतो. ठासलेली वस्तू सोडवण्यासाठी पाचर आधी फोडावी लागते.

दोन भिन्न धातू एकत्र आल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. जग्वार कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या एक्सके इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ते धरणारे स्टड पोलादाचे होते. अशा जोडणीत पाणी शिरले की एक विद्युतघटच तयार होतो. अॅल्युमिनियम झिजते व त्याचा पांढरा क्षार स्टडभोवती सिमेंटप्रमाणे घट्ट होतो. येथे लोखंडाचा तांबडा गंज दिसतही नाही, तरीही हेड तासन्‌तास हलत नाही.

मापांचा इतिहास : १८४१ ते १९०८

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे; एवढेच नव्हे, तर एकाच कारखान्यातील दोन बोल्टही परस्परांशी जुळतीलच याची खात्री नसे. हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास लंडनमध्ये आटे पाडण्याचा अचूक लेथ सिद्ध केला आणि एकसारखे आटे पुनःपुन्हा काढणे शक्य झाले. याच मॉड्स्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे एकसमान आट्यांची पद्धत मांडली. त्याची रीत लक्षणीय आहे. कागदावर आदर्श आटा काढण्याऐवजी त्याने निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. आट्यांचा ५५ अंशांचा कोन या सरासरीतून आला. व्हिटवर्थचे प्रमाण हे अशा रीतीने प्रचलित व्यवहाराचे संकलन होते. म्हणूनच ते चटकन स्वीकारले गेले असावे.

अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी पद्धत मांडली. तीत कोन ६० अंशांचा असून आट्याचे टोक गोल नव्हे, तर सपाट होते. साध्या हत्यारांनी सामान्य कारागिरासही असा आटा काढणे सोपे जावे, हा त्यामागील विचार होता. युरोप खंडात १८९८ च्या झुरिक येथील परिषदेने मिलिमीटरवर आधारित पद्धतीस मान्यता दिली. तिचाही कोन ६० अंशच होता. ब्रिटनमध्ये नाजूक यंत्रांसाठी १८८४ पासून ब्रिटिश असोसिएशन पद्धत, म्हणजे 'बीए', रूढ झाली. तिचा कोन ४७.५ अंश. इंग्रजांच्या या पद्धतीचा पाया मिलिमीटर होता, ही गोष्ट मौजेची आहे. मोटारी आल्यावर व्हिटवर्थचे जाड आटे कंपनामुळे ढिले होतात असा अनुभव येऊ लागला, म्हणून १९०८ मध्ये बारीक आट्यांची 'ब्रिटिश स्टँडर्ड फाइन' अर्थात 'बीएसएफ' पद्धत प्रसृत झाली.

पान्यांची गोष्ट याहून अधिक गोंधळाची आहे. अमेरिकन व मेट्रिक पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगतो. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. त्यामुळे '१/४' असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड पाव इंचाचे नसून ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असते. बीएसएफ बोल्टची डोकी एक पायरी लहान असल्याने हाच पाना ५/१६ इंची बीएसएफ बोल्टला लागतो. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकीही एक पायरी लहान करण्यात आली. एकाच पान्यावर दोन आकडे कोरलेले आढळतात, ते याच कारणाने.

एका मोटारीतील अनेक मापे

एमजी टीडी ही दोन आसनांची, उघडी, लहान मोटार. सुमारे २९,६०० मोटारी तयार झाल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. पुनरुज्जीवन करणाऱ्यांची ही आवडती मोटार आहे. तशीच ती गंजलेल्या बोल्टांची उत्तम पाठशाळाही आहे. तिच्या चासीला बीएसएफ आटे आहेत. विजेच्या जोडण्या आणि कार्बुरेटर येथे बीए आढळते. तेलाच्या नळ्यांना नळांचे ब्रिटिश आटे आहेत. आणि इंजिनाचे बोल्ट? डोके पाहिले तर व्हिटवर्थ. आटे मोजले तर मेट्रिक.

या विसंगतीचे मूळ शोधण्यासाठी पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. बेंजामिन हॉचकिस हा अमेरिकन शस्त्रनिर्माता एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये स्थायिक झाला होता. त्याने स्थापन केलेल्या कंपनीने जर्मन आक्रमणाच्या धास्तीने युद्धकाळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना उभारला. कंपनी फ्रेंच असल्याने यंत्रे मेट्रिक आटे काढणारी होती. युद्ध संपले, मशीनगनची मागणी सरली आणि कारखाना रिकामा पडला. त्याच सुमारास विल्यम मॉरिस याला आपल्या मोटारींसाठी इंजिने हवी होती. अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीकडून होणारा पुरवठा थांबला होता. हॉचकिसने ते काम घेतले आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे बदलण्याचा खर्च कोण करणार? ती तशीच चालू राहिली. पण इंग्लंडमधील गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे होते. तेव्हा तोडगा निघाला : आटे फ्रेंच, डोके इंग्रज. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही तडजोड चमत्कारिक वाटते. पण व्यापारी दृष्टीने ती अत्यंत समंजस होती, असेच म्हणावे लागेल. ही परंपरा एमजीच्या १९५० च्या दशकातील इंजिनांपर्यंत चालत आली.

याचा परिणाम काय झाला ते पाहू. चासीवरील ५/१६ इंची बीएसएफ बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर असतो आणि त्याला १/४ व्हिटवर्थ पाना लागतो. इंजिनावरील मेट्रिक बोल्टचा व्यास ८ मिलिमीटर असतो आणि त्यालाही हाच पाना लागतो. व्यासातील फरक ०.०६ मिलिमीटर, डोळ्यांना तो दिसत नाही. पिचमध्ये मात्र भेद आहे. बीएसएफमध्ये एका इंचात २२ आटे, म्हणजे पिच सुमारे १.१५ मिलिमीटर, इंजिनाच्या बोल्टचे पिच १ मिलिमीटर. चासीचा बोल्ट इंजिनाच्या भोकात घातला तर तो एक-दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. घाईतल्या मेकॅनिकला वाटते की आट्यांत घाण आहे. तो जोर लावतो. आटे एकमेकांना चिरत बोल्ट आत जातो. वीस-तीस वर्षांनी तो सोडवू पाहणाऱ्यास वाटते की तो गंजला आहे. वास्तविक तो पहिल्याच दिवशी जाम झालेला असतो, गंज त्यावर नंतर चढतो. असा बोल्ट तेलाने सुटत नाही. तो अर्धा फेरा फिरून पुन्हा अडतो, तेव्हा ही शंका घ्यावी. तापवण्याआधी शेजारच्या सुटलेल्या बोल्टचे पिच गेजने मोजून पाहावे आणि संशयित बोल्टच्या डोक्यावरील खूण शेजाऱ्याशी जुळते का तेही पाहावे.

अमेरिकेत गेलेल्या मोटारींची आणखी एक दुर्दशा झाली. तेथील गॅरेजमध्ये १/२ इंची (१२.७ मिलिमीटर) पाना होता, तो १३.३ मिलिमीटरच्या डोक्यावर चढत नसे. त्यापुढचा नित्य वापरातला पाना ९/१६ इंची (१४.३ मिलिमीटर), तो चढे, पण जवळजवळ एक मिलिमीटर सैल राही. सैल पाना षटकोनाच्या फक्त कोपऱ्यांवर भार देतो आणि बोल्ट जाम असेल तर कोपरे उडतात. जुन्या टीडीच्या गोल झालेल्या बोल्टांची डोकी पाहून ती केव्हातरी परक्या पान्याच्या तावडीत सापडली होती, असा तर्क करता येतो.

युद्ध आणि १९४८ चा करार

मापपद्धतींची ही भिन्नता युद्धकाळात किती महाग पडू शकते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले. रोल्स-रॉइसचे मर्लिन विमानइंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी तयार करू लागली, तेव्हा तिने ब्रिटिश आटे जसेच्या तसे ठेवले. ते ठेवले नसते तर सुटे भाग एकमेकांत बदलता आले नसते. परंतु असे आटे पाडणारे टॅप व डाय अमेरिकेत मिळत नव्हते. ते पॅकार्डला स्वतः बनवावे लागले. या अनुभवातून अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे एकीकृत आट्यांचा करार केला. कोन ६० अंश ठरला. सेलर्सचा कोन विजयी झाला, असे म्हणता येईल. मात्र आट्याच्या मुळाशी गोलाई राखून व्हिटवर्थचाही थोडा मान ठेवला गेला.

करार एका दिवसात झाला, कारखान्यांतील बदल मात्र अनेक वर्षे रेंगाळला. त्यामुळे १९५० च्या दशकातील ब्रिटिश मोटारींत जुने आणि नवे आटे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. नवे बोल्ट ओळखता यावेत म्हणून त्यांच्या डोक्यावर एकमेकांस टेकलेली तीन वर्तुळे अथवा गोल खळगा, आणि नटांच्या एका पैलूवर वर्तुळांची ओळ कोरण्याची पद्धत पडली. तारेच्या ब्रशने गंज साफ केल्यावर ही वर्तुळे दिसू लागली, तर पानाही निश्चित होतो आणि बोल्ट करारानंतरचा आहे हेही कळते. तारेच्या ब्रशऐवजी ग्राइंडर फिरवल्यास दोन्ही माहिती नष्ट होते. अखेर १९६५ मध्ये ब्रिटिश प्रमाण संस्थेने व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बीए या तिन्ही पद्धती कालबाह्य होत असल्याचे सांगून मेट्रिकला प्रथम पसंती दिली.

मुंबईचा संदर्भ

मुंबईच्या गॅरेजांना हा सारा इतिहास पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि अमेरिकन आटे शहरात स्थिरावले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रथम क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात. पुढे तेथेच फियाटची निर्मिती सुरू झाली. म्हणजे एकाच कारखान्यात एकीकडे इंची अमेरिकन बोल्ट आणि दुसरीकडे इटलीचे मेट्रिक बोल्ट. महिंद्रांनी मुंबईत जोडलेली विलिस जीप पुन्हा अमेरिकन पद्धतीची. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याहून आलेली अँबॅसडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड; तिचे १९५९ नंतरचे बी-सिरीज इंजिन १९४८ च्या करारातील एकीकृत आट्यांचे. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या आट्यांना कायदा लागू होत नाही. साहजिकच मुंबईच्या मेस्त्रीच्या पेटीत इंची आणि मिलिमीटर असे दोन्ही पाने असणे ही चैन नव्हती, गरज होती.

या संदर्भात उलट्या आट्यांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. क्रायस्लर गटाच्या गाड्यांत १९७० च्या सुमारापर्यंत, तसेच जुन्या जीपमध्ये, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. चाक फिरताना नट आपोआप सुटू नये, हा हेतू. ज्याला हे ठाऊक नाही तो नट सोडवण्याच्या समजुतीने आवळतच राहतो. पान्याला पाइप लावून, त्यावर उभे राहून, अखेर स्टड तोडतो आणि दोष गंजाला देतो. स्टडच्या टोकावरील 'एल' हे अक्षर पुसून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

फियाट अकराशेच्या कुळातील प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली. या प्रकारची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निवृत्त झाली. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत चाललेल्या या गाड्यांचे सायलेन्सर आणि पाटे यांचे बोल्ट ज्या हातांनी वर्षानुवर्षे सोडवले, त्या हातांना गंजाविषयी जे ज्ञान आहे ते कोणत्याही मराठी ग्रंथात प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही. महाविद्यालयांतील मौखिक इतिहासाचे प्रकल्प गिरणी कामगारांपर्यंत पोहोचले. गॅरेजपर्यंत त्यांनी यावयास हरकत नसावी.

बोल्ट काढण्याच्या रीती

बोल्ट ओळखल्यानंतरच तो काढण्याचा विचार करावा. सर्वांत जुना आणि सौम्य उपाय तेलाचा. आपल्याकडे घासलेट किंवा डिझेल लावून ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला आहे. पातळ तेल केशाकर्षणाने फटीत शिरते. मात्र त्यास अवधी द्यावा लागतो, एखाद्या तासाचा नव्हे तर काही दिवसांचा. डब्ल्यूडी-४० हे आज सर्वत्र दिसणारे द्रव्य १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे तयार झाले, ते अॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ आवरणास गंजापासून वाचवण्यासाठी. पाणी दूर सारणे हा त्याचा मूळ उद्देश असून नावातील ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. गंज होऊ न देणे आणि झालेल्या गंजात शिरणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यासाठी बनलेल्या द्रव्याकडून दुसऱ्याची पूर्ण अपेक्षा ठेवणे रास्त नाही.

तेलानंतर आघात. पितळी पंच डोक्यावर ठेवून हातोडीचे नेमके, हलके ठोके दिल्यास आतील ठिसूळ गंजाला भेगा पडतात आणि तेलास वाट मिळते. मग बोल्ट लगेच सोडवू न पाहता आधी किंचित आवळावा. हलला की उलट फिरवावा. पुन्हा थोडा आवळावा. सहा कोनांचा, घट्ट बसणारा सॉकेटच वापरावा. बारा कोनांचा सॉकेट कोपऱ्यांवर घसरतो. अशा मागे-पुढे करण्यात गंजाचे पीठ होऊन बाहेर येते. कामात अनुभवी माणूस आणि नवखा माणूस यांतील भेद येथे दिसतो : बोल्ट तुटण्यापूर्वी पान्याला एक प्रकारची 'मऊ' जाणीव होते, धातू पिळला जाऊ लागल्याची. ती ओळखून हात थांबवणे हे शिकवून येत नाही.

उष्णता हा सर्वांत प्रभावी उपाय. नट बोल्टपेक्षा ३०० अंश सेल्सिअसने अधिक तापवला तर आठ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. हे अंतर कागदाच्या जाडीच्या तृतीयांशाएवढेच आहे. पण पाचर फुटण्यास ते पुरते. म्हणून ज्योत बोल्टवर नव्हे, नटावर धरावयाची असते. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे अॅल्युमिनियमच्या हेडमधील स्टडसाठी हेडच एकसारखे आणि बेताने तापवणे अधिक फलदायी ठरते. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. येथे एका धोक्याचा निर्देश अनिवार्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अनेक ब्रिटिश बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असे. कॅडमियम ३२१ अंशांवर वितळते आणि त्याची वाफ फुप्फुसांस अत्यंत घातक असते. मुलाम्याचा इतिहास ठाऊक नसलेल्या कारागिरास गॅसबत्ती हाती देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत नेऊ नये, हे सांगावयास नको. याशिवाय, उच्च ताणाचा बोल्ट लाल होईपर्यंत तापला तर त्याचे पाणी उतरते; तो पुन्हा स्टिअरिंग किंवा ब्रेकच्या जागी वापरू नये.

सुटा झालेला भाग असेल तर विद्युत अपघटनाचा मार्ग उपलब्ध आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग ऋण टोकास व लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकास जोडून मंद प्रवाह सोडल्यास, मूळ धातू न खरवडता गंज सैल होतो. पुरातत्त्वीय लोहवस्तूंच्या जतनातही याच तत्त्वाचा उपयोग केला जातो. धन टोकास स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम संयुगे निर्माण होतात.

आणि तरीही बोल्ट तुटला तर? आत राहिलेल्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून फिरवणे हा पहिला पर्याय. वेल्डची उष्णता येथे दुहेरी काम करते. मध्यावर अचूक भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालणे हा दुसरा. एक्स्ट्रॅक्टर अतिकठीण पोलादाचा असल्याने तो आत मोडला तर ड्रिलही चालत नाही. अशा प्रसंगी विद्युत ठिणगीने धातू झिजवण्याचे तंत्र कामी येते. लाझारेन्को दांपत्याने १९४३ मध्ये सोव्हिएत संघात ते विकसित केले आणि त्याच दशकात अमेरिकेत त्याचा स्वतंत्र शोध लागला, तो मुख्यतः महागड्या भागांत मोडून बसलेले टॅप व ड्रिल काढण्याच्या गरजेतूनच.

मूळपणाचा प्रश्न

येथवर बोल्ट काढण्याचा विचार झाला. काढलेल्या बोल्टचे काय करावे, हा प्रश्न अधिक विवाद्य आहे. पुनरुज्जीवनाच्या प्रचलित पद्धतीत गंजलेला बोल्ट कापून भंगारात टाकतात व चकचकीत स्टेनलेस स्टीलचा बसवतात. गाडी सुंदर दिसते. परंतु डोक्यावरील कारखान्याची मुद्रा, पिच, मुलामा, पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या खुणा हे सारे त्याबरोबर जाते. शिवाय सामान्य स्टेनलेस बोल्टची ताकद मूळच्या उच्च ताणाच्या बोल्टपेक्षा पुष्कळदा कमी असते, आणि अॅल्युमिनियमशी त्याचे मुळीच पटत नाही. प्रस्तुत लेखकास ही पद्धत जतनाची वाटत नाही. ती सजावटीची आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचाच विचार मोटारींना लावला आहे. शक्य तेथे जतन, अपरिहार्य तेथेच पुनर्बांधणी, आणि बदललेल्या भागावर न पुसणारी पण डोळ्यांत न भरणारी खूण, असा तिचा आशय आहे. भारतातही जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू झाली. चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेल्या वाहनास ती मिळत नाही. नियम बोल्टपर्यंत पोहोचत नाही. परंतु तुटलेल्या स्टडपायी भोक मोठे केले, वेगळ्या मापाचे आटे पाडले, तर फेरफार नेमका कोठे सुरू होतो, हे ठरवणे तितकेसे सोपे नाही.

व्यवहारात करता येण्याजोगे बरेच काही आहे. प्रत्येक बोल्ट काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. काढल्यावर व्यास, पिच, डोक्यावरील खूण आणि जागा यांची नोंद करून तो लेबल लावलेल्या डबीत ठेवावा. वापरण्याजोगा असल्यास साफ करून त्याच जागी परत बसवावा, आट्यांना थोडे ग्रीस लावून, म्हणजे पुढच्या खेपेस तो सुटेल. नवा घालावाच लागला तर मूळ मापपद्धतीचाच घालावा आणि त्याच्या डोक्याच्या बाजूस वर्ष ठोकावे. आटे बिघडलेल्या भोकात तारेची नवी आटेनळी बसवली असेल, तर तिचे माप त्या डबीतल्या कागदावर लिहून ठेवावे. गाडी विकली जाईल तेव्हा डब्या आणि नोंदवही किल्ल्यांबरोबर नव्या मालकाच्या हवाली करावी.